जपानची शाळा आणि मोफत पुस्तकांमागचा लढा

जपानी शाळेच्या शिस्तीचे व्हिडिओ आपण सगळेच पाहतो आणि पुढे पाठवतो. ती शाळा वर्षभर कशी चालते आणि तिथली समता कोणी मिळवली, हे आम्ही इथे थोडक्यात मांडत आहोत.

वर्ष आणि सुट्ट्या

शैक्षणिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. बहुतेक शाळांत तीन सत्रे असतात: एप्रिल ते जुलै, सप्टेंबर ते डिसेंबर आणि जानेवारी ते मार्च. उन्हाळी सुट्टी सुमारे ४० दिवसांची, पण ती वर्षाच्या मध्येच येते. त्यामुळे गृहपाठ आणि खेळांचा सराव सुट्टीतही सुटत नाही. हिवाळ्यात आणि मार्चअखेरीस साधारण दोन-दोन आठवडे सुट्टी मिळते.

टप्पे आणि परीक्षा

१९४७ च्या कायद्याने ६-३-३-४ अशी रचना आली. प्राथमिकची ६ आणि कनिष्ठ माध्यमिकची ३ अशी ९ वर्षे सक्तीची आहेत. या काळात सहसा कोणाला नापास करत नाहीत. खरी चढाओढ पुढच्या प्रवेश परीक्षांची असते. त्यासाठी मुले संध्याकाळी 'जुकू' म्हणजे खासगी क्लासला जातात. या ताणाचीही नोंद घ्यायला हवी. २०२३-२४ मध्ये वर्षात ३० किंवा अधिक दिवस शाळेपासून दूर राहिलेली प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिकची मुले ३ लाख ४६ हजारांहून अधिक होती. आजारपण किंवा आर्थिक अडचणीमुळे गैरहजर राहिलेली मुले यात धरलेली नाहीत.

शाळेतला दिवस

प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण वर्गातच होते. पांढरा अ‍ॅप्रन आणि टोपी घालून मुलेच पाळीपाळीने वाढतात. शिक्षकही त्यांच्यासोबत तेच जेवतात. वर्ग आणि व्हरांडा मुलेच झाडतात, पुष्कळ शाळांत शौचालयही. झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे जन्मावरून नव्हे, पाळीवरून ठरते.

पुस्तकांचा लढा

जपानमध्ये जन्मावरून भेदभाव नव्हता असे मात्र समजू नये. कातडे कमावणे, जनावरांची कत्तल अशी कामे ज्यांच्यावर लादली गेली, त्या बुराकू समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वस्तीत राहावे लागले. १८७१ मध्ये कायद्याने हा दर्जा रद्द झाला, पण भेदभाव राहिलाच.

१९६१ मध्ये शिकोकू बेटावरच्या कोची शहरात, नागाहामा भागातल्या बुराकू मातांनी पुढाकार घेतला. राज्यघटनेच्या २६ व्या कलमात सक्तीचे शिक्षण मोफत असल्याचे लिहिले आहे, मग पुस्तके विकत का घ्यायची, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पुस्तके घेण्यास नकार दिला. मागणी देशभर पोहोचली, १९६३ मध्ये कायदा झाला आणि १९६९ पर्यंत नऊही इयत्तांना पुस्तके मोफत मिळू लागली.

आज एप्रिलमध्ये तिथल्या श्रीमंत-गरीब प्रत्येक मुलाच्या हाती कोरी पुस्तके पडतात. जपानच्या शिस्तीचे कौतुक जरूर करू, पण घटनेचे कलम हातात घेऊन उभ्या राहिलेल्या या मातांचे नावही त्यासोबत घेऊ.