प्लमेट : पडणारा शब्द, मोजणारं शिसं

बाजार आपटला की मोबाईलवर इंग्रजी नोटिफिकेशन येतं: 'सेन्सेक्स प्लमेट्स'. प्लमेट होणं म्हणजे धाडकन खाली येणं. भाव, तापमान, एखाद्या नेत्याची लोकप्रियता, सगळ्याला चालतं. हळूहळू उतरणाऱ्या गोष्टीला मात्र नाही. आज या शब्दाचीच गोष्ट सांगतो.

लॅटिनमध्ये शिशाला म्हणतात 'प्लंबम'. पूर्वी नळ शिशाचे असायचे, म्हणून आपला प्लंबरही याच घराण्यातला. जुन्या फ्रेंचमधून 'प्लमेट' इंग्रजीत आला, तो 'शिशाचा छोटा गोळा' या अर्थानं. गवंडी तो दोरीला बांधून भिंत सरळ आहे का ते बघायचे. म्हणजे आपला ओळंबाच की!

खलाशी असंच शिसं दोरीला बांधून समुद्रात सोडायचे. दोरी किती सुटली, यावरून पाण्याची खोली कळायची. शिशाच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरलेली. वर ओढलं की चरबीला वाळू किंवा चिखल चिकटलेला दिसायचा. किती खोल आणि तळ कसला, दोन्ही उत्तरं मिळायची. अंदाज चुकला तर जहाज खडकावर! शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्येही प्लमेट येतो तो खोली मोजणारा.

'वेगानं कोसळणं' हा अर्थ रुळला थेट विसाव्या शतकात. शिशाचं पडणं लक्षात राहिलं, मोजणं विसरलं गेलं.

आणि खरी गडबड इथेच होते. २८ एप्रिल १९९२, हर्षद मेहता घोटाळ्याचे दिवस. सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. २३ मार्च २०२०, कोरोनाची धास्ती. सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला. आकडा जवळपास सातपट! पण टक्क्यांत बघा: तेव्हा सुमारे १२.८, आता १३.१५. घसरण जवळजवळ सारखीच.

अमेरिकेतही २८ ऑक्टोबर १९२९ला डाऊ जोन्स एका दिवसात सुमारे १३ टक्केच पडला होता. तिथं तळ लागला थेट जुलै १९३२मध्ये, शिखरापासून ८९ टक्के खाली. उलट २०२०मध्ये सेन्सेक्स त्याच वर्षअखेरीस ४७,०००च्या वर होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: हेडलाईनमध्ये 'प्लमेट' दिसला की लगेच घाबरू नका. कुठून कुठे, किती टक्के, किती दिवसांत, हे आधी विचारा. तळ किती खोल आहे, ते तो शब्द सांगत नाही. दोरी आपणच मोजायची.