भाड्याच्या जुन्या घरातील फरशी उखडण्यापूर्वी

घराला रंग द्यायचे ठरले की पाठोपाठ फरशीचा विषय निघतोच. गिरगाव, दादर वा पुण्याच्या पेठांतील भाड्याच्या जुन्या घरांत आजही शहाबादी, मोझॅक किंवा नक्षीदार सिमेंटच्या लाद्या आढळतात. त्या काळवंडल्या, की ‘काढून टाका, व्हिट्रिफाइड बसवा’ असा सल्ला कंत्राटदार देतो. त्यात त्याचाही फायदा असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

वास्तविक झिजलेली मोझॅक फरशी बहुधा पॉलिशने पुन्हा उजळते. खड्डे मिळत्याजुळत्या रंगाच्या सिमेंटने भरून ते पक्के होऊ द्यावे लागतात. मग यंत्राला आधी जाड व क्रमाने बारीक दाण्याचे दगड लावून पाण्यासह घासतात. नक्षीदार लादीचा रंगीत थर मात्र काही मिलिमीटरचाच असतो, तेथे यंत्र जपूनच चालवावे. तीव्र ॲसिडने धुणे दोन्हींना घातक. सिमेंट विरते आणि पृष्ठभाग अधिकच खरखरीत होतो. पोकळ वाजणाऱ्या लाद्या तेवढ्याच काढून पुन्हा बसवता येतात.

लाकडी तुळयांच्या चाळीत खरा प्रश्न वजनाचा. जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर दोन इंच माल व नवी टाइल घातल्यास दहा बाय बाराच्या खोलीवर सुमारे सव्वा टन भार वाढतो. तुळई वाकलेली दिसली, तर फरशीचा विचार तूर्त सोडावा; उपकरप्राप्त इमारत असल्यास आधी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला कळवावे.

खर्च कोणाचा? 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 14 नुसार, विरुद्ध करार नसल्यास, घर सुस्थितीत राखणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान 15 दिवसांच्या नोटिशीनंतर वाजवी वेळेत त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाकाठी ही वजावट त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापुढे जाऊ शकत नाही. महिना 200 रुपये भाडे असेल, तर वर्षाला जेमतेम 600 रुपये! त्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही.

कलम 16 अधिक जपण्याजोगे आहे. लेखी संमतीविना केलेले कायम स्वरूपाचे बांधकाम हे घर खाली करून घेण्याचे कारण ठरू शकते. स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन यांना कायद्याने वगळले आहे. फरशीचा उल्लेख त्या यादीत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी मालकाची सही घेऊन ठेवावी. तोंडी होकार देणारे मालक उद्या असतीलच असे नाही, आणि वारसांना तो आठवत नाही.

पॉलिशच्या दिवशी खालच्या बिऱ्हाडाला आधी सांगावे. लाकडी पाटणीतून पाणी ठिबकते. घासणीचा गाळही मोरीत ओतू नये. तो पाइपात सिमेंटसारखा घट्ट बसतो. बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी टाकावे आणि तळ गोणीत भरून राडारोड्यासोबत पाठवावा.