दिनविशेष : १६ एप्रिल – पीटर उस्तिनोव्ह

नट, नाटककार, दिग्दर्शक, कादंबरीकार आणि गप्पांच्या मैफलीचा बादशहा पीटर उस्तिनोव्ह यांचा आज जन्मदिन. १९२१ साली लंडनमध्ये ते जन्मले. आई चित्रकार, वडील पत्रकार. घरात अनेक भाषांची ये-जा. नकला करण्याची देणगी त्यांना उपजतच होती. १९५०च्या दशकात त्यांनी एका काल्पनिक मोटारशर्यतीची ध्वनिमुद्रिका काढली, त्यात इंजिनांची घरघर आणि समालोचकांपासून चालकांपर्यंत सगळे आवाज त्यांनी एकट्याने तोंडाने काढले!

दुसऱ्या महायुद्धात ते साधे शिपाई. अधिकारी असलेल्या डेव्हिड निव्हन यांच्याबरोबर चित्रपटाची पटकथा लिहायची होती, पण लष्करी शिस्तीत ते बसेना. मग त्यांना निव्हन यांचा हरकाम्या म्हणून नेमले गेले आणि काम मार्गी लागले.

‘को वादिस’मधला नीरो गाजला. ‘स्पार्टाकस’मधला गुलामांचा व्यापारी त्याहून सरस, असे आम्हाला वाटते. चार्ल्स लॉटनबरोबरचे आपले प्रसंग त्यांनी स्वतः पुन्हा लिहिले होते. त्या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळाले, दुसरे ‘टॉपकापी’साठी. पुढच्या पिढीने त्यांना ‘डेथ ऑन द नाईल’मधला (१९७८) गुप्तहेर पॉइरो म्हणून ओळखले.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी ते दिल्लीत होते. इंदिरा गांधी त्यांनाच मुलाखत द्यायला निघाल्या असताना त्यांची हत्या झाली.

युनिसेफचे सदिच्छादूत म्हणून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ मुलांसाठी जगभर भ्रमंती केली. २८ मार्च २००४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.