वऱ्हाडची वाटणी : पावणेदोनशे वर्षे न संपलेला हिशेब

मोहीम फत्ते होते, गुहेतला राक्षस पडतो, पेटीचे झाकण उघडते आणि नेमका तिथेच खेळ अडतो. फासे टाकून, टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांचा ज्यांना नाद आहे, त्यांना हा क्षण चांगला ठाऊक असेल. सर्वांत जास्त घाव झेललेला म्हणतो, अर्धे माझे. कुलूप उघडणारा म्हणतो, मी नसतो तर पेटी दिसली तरी असती का? आणि सबंध लढाई दारात उभे राहून काढणाराही निःसंकोच हात पुढे करतो. १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात तर हाती लागलेल्या सोन्याचेही अनुभवगुण मिळत. म्हणजे वाटणीत चुकलात की पुढच्या मोहिमेतही मागे पडलात.

आजचा धागा याच भांडणाचा आहे. फक्त टेबल वऱ्हाडचे आहे, आणि पेटीच्या जागी अकोला-अमरावतीची काळी जमीन आहे. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण उगाच पडलेली नाही. या सोन्याच्या वाटणीवर निजाम, भोसले आणि इंग्रज पावणेदोनशे वर्षे हिशेब घालीत बसले होते.

आधी नियमांकडे पाहू. कारण लुटीची वाटणी म्हणजे ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचे, अशी आपली समजूत असते आणि ती बहुतांशी चुकीची आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवकालीन लष्कराची जी पद्धत वर्णिली आहे, ती एखाद्या काटेकोर हिशेबनिसाला शोभेल अशी आहे. लष्कर मुलूखगिरीस निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची झडती व्हायची आणि याद लिहून घेतली जायची. परतताना पुन्हा झडती. यादीपेक्षा जास्त काही निघाले तर ते सरकारजमा व्हायचे किंवा त्याची किंमत त्याच्या पगारातून वळती व्हायची. शिपायाचा हक्क पगारावर, लुटीवर नव्हे. यातले मर्म असे की वाटणीचा प्रश्न लढाईनंतर सोडवायचाच नाही. तो निघण्यापूर्वीच सोडवून टाकायचा.

पुढे शाहू छत्रपतींच्या काळात राज्य पसरले, सरदार आपापल्या बळावर दूरदूर जाऊ लागले आणि निव्वळ पगारावर त्यांना बांधून ठेवणे अवघड झाले. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. या सहांत वऱ्हाडचा सुभा होता. आता मिळकत मोठी आणि हक्कदार अनेक. तेव्हा जी वाटणी ठरली ती मुळातून पाहण्यासारखी आहे.

समजा, एका गावाचा सरकारी वसूल १००० रुपये आहे. त्यावर सरदेशमुखी दहा टक्के, म्हणजे १०० रुपये. हे छत्रपतींचे वतन, त्याला कोणी हात लावायचा नाही. चौथाई म्हणजे २५० रुपये. या २५० रुपयांचे पुन्हा तुकडे. चौथाईचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेबासष्ट रुपये, ‘राजबाबती’ म्हणून राजाकडे. शेकडा सहा, म्हणजे १५ रुपये, ‘सहोत्रा’ म्हणून पंत सचिवांकडे. शेकडा तीन, म्हणजे साडेसात रुपये, ‘नाडगौंडा’. तो राजाच्या मर्जीतल्या माणसांना. उरलेले १६५ रुपये ‘ऐन मोकासा’ म्हणून ज्या सरदाराने तो मुलूख सांभाळायचा त्याला, आणि त्यातून त्याने फौज बाळगायची. एकाच गावच्या चौथाईवर चार वेगवेगळे हक्क! ही वाटणी इतकी गुंतागुंतीची का, याचे अनेक अभ्यासकांनी दिलेले उत्तर मला पटते: कोणीही एकटा पूर्ण मालक होऊ नये, प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या ताटात राहावा, म्हणजे फुटून निघणे महाग पडेल. अर्थात हे हिशेब करायला कारकून लागत, आणि कारकुनांचे महत्त्व या काळात वाढले ते काही योगायोगाने नाही.

कागदावरची ही वाटणी वऱ्हाडात उतरली तेव्हा मात्र तिला दुसरा भागीदार भेटला. ऑक्टोबर १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवण्यात आले आणि दख्खनेत निजामाची जवळजवळ स्वतंत्र सत्ता उभी राहिली. वऱ्हाडचा सुभा त्याचा. पण त्याच सुभ्याची चौथाई-सरदेशमुखी मराठ्यांची, आणि वऱ्हाडची मामलत सेनासाहेबसुभा भोसल्यांकडे. परसोजी, मग कान्होजी, मग रघुजी. रघुजींनी नागपुरास बस्तान बसवल्यावर तर भोसल्यांची मागणी चौथाईवर थांबलीच नाही. घासदाणा आणि इतर बाबी मिळून त्यांचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला.

यालाच ‘दोअमली’ म्हणत. एका परगण्यात दोन अंमलदार. एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, निजामाचा सुभेदार. आणि त्याच प्रदेशात भोसल्यांचे कमाविसदार. दोघांचेही कागद खरे, दोघांचेही शिक्के खरे.

आता जरा खळ्यावर चला. कारण वाटणी खरी तिथे व्हायची. ज्वारीची रास पडली की प्रथम गावचे हक्कदार: सुतार, लोहार, चांभार, महार, न्हावी, कुंभार आपापले बलुते घ्यायला उभे. मग पाटील आणि पटवारी यांचे हक्क. मग परगण्याचे देशमुख, देशपांडे. मग निजामाचा माणूस. मग भोसल्यांचा माणूस. वर्ष बिघडले तर यांतला एकही आपणहून मागे सरत नसे. तुमच्या खेळात एक पेटी एकदाच वाटली जाते. इथे पेटी दर पावसाळ्यानंतर भरायची आणि ती भरणाऱ्या कुणब्याला वाटणीच्या बैठकीचे निमंत्रण कधीच नव्हते. ही व्यवस्था ऐंशीहून अधिक वर्षे चालली.

मग १८०३ उजाडले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात असईच्या लढाईनंतर जनरल आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा वऱ्हाडात शिरल्या. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगाव येथे रघुजी भोसले दुसरे यांच्या फौजेशी लढाई झाली. फौजेचे नेतृत्व त्यांचे बंधू मन्याबापू यांच्याकडे होते. इंग्रज कागदांत हे गाव ‘अरगाव’ झाले. भोसल्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पंधरवड्याने, १५ डिसेंबरला, मेळघाटातला गाविलगड पडला. स्टीव्हन्सनच्या तुकडीने उत्तरेकडून तोफा डोंगरावर ओढून नेल्या. बाहेरचा कोट फुटला, पण आतला उभा होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या शिपायांनी शिड्या लावून आत उतरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढताना मारला गेला आणि शिबंदीची मोठी कत्तल झाली. आज चिखलदऱ्याला जाणारी मंडळी किल्ल्यावर फोटो काढून परततात. उत्तरेच्या त्या तटाशी क्षणभर थांबावे.

किल्ला पडल्यावर हाती आलेल्या मालाची वाटणी इंग्रज फौजेत कशी होई? ‘लूट’ हा शब्द तर त्यांनी आपल्याकडूनच उचलला, पण वाटणीची रीत त्यांची स्वतःची होती. कायद्याने सगळी लूट राजाची. राजा कृपावंत होऊन ती फौजेला बहाल करतो. मधल्या काळात अधिकारी आपल्यातून ‘प्राइझ एजंट’ नेमत. ते माल गोळा करीत, लिलाव करीत, आणि रक्कम हुद्द्यानुसार वाटली जाई. हुद्द्यानुसार म्हणजे किती फरकाने? १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा सेनापती हॅरिसच्या वाट्याला एक लाख चाळीस हजार पौंडांहून अधिक रक्कम आली. साध्या गोऱ्या शिपायाला सात पौंडांच्या आसपास, आणि देशी शिपायाला त्याहूनही कमी. हॅरिसने आपल्या हक्कापेक्षा जास्त घेतले म्हणून कंपनीने पुढे त्याच्याविरुद्ध तक्रारही केली. तटावर आधी चढणारा आणि मागे तंबूत बसणारा यांच्या वाट्यांची ही तुलना ज्याची त्याने करावी.

पण वऱ्हाडात खरी लूट सोन्याची नव्हती; ती मुलखाची होती. गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, गडाच्या दक्षिणेस देवगाव येथील छावणीत भोसल्यांशी तह झाला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी. भारताचा नकाशा बदलणारे हे दोन्ही तह आजच्या अमरावती जिल्ह्याच्या मातीत लिहिले गेले, हे अमरावतीकरांनाही अनेकदा ठाऊक नसते. देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड गेले. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले मात्र, भोवतालच्या चार लाख रुपये उत्पन्नाच्या मुलखासह, त्यांच्याकडे राहिले.

आता मित्रांची वाटणी. तह करून मुलूख घेतला इंग्रजांनी. पण निजाम आणि पेशवे हे त्यांचे दोस्त. एप्रिल १८०४ मध्ये हैदराबादेत वाटणीचा स्वतंत्र तह झाला. कटक इंग्रजांनी स्वतःकडे ठेवले, कारण बंगाल आणि मद्रास यांमधला किनारा त्यांना जोडायचा होता. नगरचा किल्ला पेशव्यांना मिळाला. आणि वर्धेपलीकडचे वऱ्हाड निजामाला.

येथे आपला दारात उभा असलेला गडी आठवा. निजामाचे घोडदळ या मोहिमेत होते, हे खरे. स्टीव्हन्सनच्या हाताखालची तैनाती फौज निजामाच्या पैशावर पोसलेली होती, हेही खरे. पण निजामाचे किल्लेदार ऐन वेळी सहकार्य करीत नाहीत, दाणागोटा देत नाहीत, अशी वेलस्लीची सततची तक्रार होती. मग सर्वांत सुपीक तुकडा त्याला का? माझ्या मते हे बक्षीस नव्हतेच, ती गुंतवणूक होती. इंग्रजांना वऱ्हाड स्वतः राखायचे तर फौज आणि खर्च आला. निजामाला दिले तर भोसले आणि निजाम यांच्यातली जुनी दोअमली कायमची मोडते, आणि निजाम उपकाराच्या ओझ्याखाली राहतो. १८१७-१८ च्या युद्धानंतर भोसल्यांचे उरलेले दोन किल्लेही गेले आणि १८२२ च्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा सगळा मुलूख निजामाचा झाला.

त्याच १८१७-१८ च्या युद्धाची लूट मात्र इंग्रजांना पचायला फार जड गेली. पुणे, नागपूर, महिदपूर येथे हाती लागलेला माल कोणाचा? प्रत्यक्ष तेथे लढलेल्या तुकड्यांचा, की सर हिस्लॉपच्या सगळ्या दख्खन फौजेचा, की शेकडो मैल दूर असलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेचाही? ‘आमच्या केवळ असण्याने शत्रू दबला’ असा दूरच्यांचा दावा होता. प्रत्यक्ष जिंकणाऱ्यांच्या बाजूने कौल मिळाला तरी तंटे वर्षानुवर्षे रेंगाळले. रायगडाचे नारो गोविंद औटी यांच्या खजिन्याचा खटला तर मुंबईच्या सुप्रीम कोर्टातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मुंबईत औटींच्या वारसांच्या बाजूने निकाल लागला होता. १८३० साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला, कारण ती युद्धातली जप्ती आणि तीत दिवाणी कोर्टाने हात घालायचा नाही! या दख्खन लुटीच्या पैशांवर जे विश्वस्त नेमले गेले, त्यांतला एक होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजे आडगाव आणि गाविलगडचा तोच आर्थर वेलस्ली.

इकडे वऱ्हाड निजामाच्या पदरात पडले खरे. पण ज्या मित्राने वाटा दिला त्याचे बिलही येऊ लागले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज निजामाने पोसायची होती. पगार थकले, कर्ज चढले, व्याज चढले. २१ मे १८५३ च्या तहाने त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० साली नळदुर्ग आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही. त्यानंतरच्या दशकात रेल्वे आली, कापसाला भाव आला, आणि वऱ्हाड परत मिळण्याची शक्यता आणखीच दूर गेली.

शेवटचा हिशेब १९०२ सालचा. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात ठरले की वऱ्हाड नावाने निजामाचे राहील, पण कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, आणि त्याबद्दल निजामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळतील. दुसऱ्याच वर्षी दिल्ली दरबाराच्या प्रसंगी निजामाला ‘जी.सी.बी.’ हा किताब बहाल झाला. या तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड देऊन टाकले, असा लावून लोक हसत.