दोन सूर्योदयांचे उड्डाण

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांना जोडणारा हवाई मार्ग १९३८ पासून उडत्या नौकांनी सुरू झाला, तेव्हा त्याचा एक मुक्काम ग्वाल्हेरजवळच्या माधोसागर जलाशयावर होता. संथ पाण्यावर उतरावे, इंधन घ्यावे, उतारूंनी रात्री निवांत झोपावे आणि पुन्हा निघावे, असा तो आठ-दहा दिवसांचा ऐसपैस प्रवास होता. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, पाठोपाठ जावा गेले, आणि ही साखळी मधोमध तुटली. ऑस्ट्रेलियाला पश्चिमेकडे जाण्यास उरला तो केवळ हिंदी महासागर.

पर्थ ते सिंहलद्वीपातील गॉलजवळचे कोग्गला सरोवर, हे अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. वाटेत विसाव्याची सोय नाही. क्वांटास कंपनीने जुलै १९४३ मध्ये या मार्गावर कॅटलिना जातीची दोन इंजिनांची उडती नौका घातली. तिची गती ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर. म्हणजे प्रवास २७ ते ३३ तासांचा! प्रस्थानानंतर आकाशातच दोनदा सूर्य उगवताना दिसे. म्हणूनच या उड्डाणांना 'दुहेरी सूर्योदय' हे नाव पडले.

एवढे अंतर तोडावयाचे तर विमान म्हणजे इंधनाची टाकीच होणार. आतले अस्तरसुद्धा काढून टाकले होते, त्यामुळे थंडी आणि गोंगाट उतारूंच्या वाट्यास येई. उतारू तरी किती? फार तर तीन! त्यांच्यासोबत ६९ किलो टपाल. निघताना भार इतका असे, की आरंभीच्या तासांत एक इंजिन बंद पडते तर दुसऱ्याच्या बळावर विमान हवेत टिकणे अशक्य होते. जपानी विमानांच्या टप्प्यातील पट्टा काळोखात ओलांडला जाईल, अशी वेळ साधावी लागे. बिनतारी संदेश पाठविण्यास बंदी, कारण एखादा शब्दही शत्रूला ठावठिकाणा कळवू शकला असता. मग दिशा दाखविणार कोण? तारे. दर्यावर्दी ज्या विद्येवर विसंबत, तीच येथे कामी आली. पाचही विमानांना आल्टेअर, व्हेगा, रायगेल, अँटारीस आणि स्पायका, म्हणजे आपल्याकडील श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा, ही नावे दिली होती, ती उगीच नव्हेत.

उतारूंना 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चे प्रमाणपत्र मिळे. युद्धाच्या धामधुमीतही असा विनोद सुचावा, हे इंग्रजी स्वभावाला धरूनच म्हणायचे. जुलै १९४५ पर्यंत अशी २७१ उड्डाणे झाली आणि एकही विमान गमावले गेले नाही. मध्यंतरी आलेल्या चार इंजिनांच्या लिबरेटरने हीच मजल सुमारे १७ तासांवर आणली होती.

१ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीहून कॉन्स्टेलेशन विमान लंडनकडे निघाले. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत चार दिवसांत ते पोहोचले. पुढे मार्च २०१८ मध्ये पर्थहून लंडनपर्यंत न थांबता जाणारी सेवा सुरू झाली. सुमारे १४,५०० किलोमीटर आणि वेळ साधारण १७ तास, म्हणजे लिबरेटरला नुसते सिंहलद्वीप गाठण्यास लागे तेवढाच.

कॅटलिना मात्र हे पाहण्यास उरल्या नाहीत. त्या अमेरिकेच्या उसनवार करारातल्या होत्या. युद्ध सरल्यावर, करारातील अटींमुळे, त्यांना समुद्रात नेऊन बुडविण्यात आले.