ट्रान्झिस्टरची पाककृती

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी 'ट्रान्झिस्टर' म्हणजे थेट रेडिओच. "ट्रान्झिस्टर लाव रे, बातम्या लागतील." खरं तर ट्रान्झिस्टर हा रेडिओच्या आतला एक इतकुसा भाग. तुमच्या फोनच्या चिपमध्ये असे अब्जावधी बसलेत. मग आतल्या भागाचं नाव अख्ख्या वस्तूला कसं पडलं? कारण तो लोकांच्या घरात आला तो रेडिओतून. आणि गंमत म्हणजे, ज्यांनी तो शोधला त्यांना रेडिओत फारसा रसच नव्हता.

डिसेंबर 1947. अमेरिकेत न्यू जर्सीमधलं मरी हिल. बेल लॅब्जमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. विल्यम शॉकली त्यांच्या गटाचा प्रमुख. तिघांना 1956 मध्ये नोबेल मिळालं, ते आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतं. पाठ्यपुस्तक तिथेच थांबतं. मला पुढचं जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

बेल लॅब्ज ही ए.टी. अँड टी. या टेलिफोन कंपनीची लॅब. तिच्याच वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत टेलिफोनचं सगळं सामान बनायचं. म्हणजे शोध घरात, कारखाना घरात, गिऱ्हाईकही घरातच. यावरूनच 1949 मध्ये अमेरिकन सरकारने मक्तेदारीचा खटला भरला. अशा वेळी एवढा मोठा शोध एकट्याने दाबून ठेवणं परवडणारं नव्हतं. शिवाय बाहेरच्यांनी त्यावर काम केलं तर तंत्र लवकर सुधारेल, हाही हिशोब होताच.

मग त्यांनी लायसन्स विकायला काढलं. रॉयल्टीपोटी आगाऊ रक्कम 25,000 डॉलर. श्रवणयंत्रांना मात्र रॉयल्टी माफ, कारण अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी कर्णबधिरांसाठी आयुष्यभर काम केलं होतं. एप्रिल 1952 मध्ये पैसे भरलेल्या चाळीसेक कंपन्यांच्या लोकांना बोलावून आठवडाभर अक्षरशः शिकवणी घेतली, पेनसिल्व्हेनियातला ॲलनटाउनचा कारखाना दाखवला. नंतर त्याचे दोन जाडजूड खंड निघाले. इंजिनिअर लोकांनी त्यांना टोपणनाव दिलं, 'मा बेलचं कुकबुक'. म्हणजे ट्रान्झिस्टरची 'रुचिरा'च म्हणा ना!

पण पुस्तक वाचून पुरणपोळी जमते का? हाताला सवय लागते. जर्मेनियम किती शुद्ध हवं, स्फटिक किती वेगाने ओढायचा, हे 'चवीनुसार मीठ' लिहून भागत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. कोड समोर उघडा असतो, तरी ज्याने लिहिला तो शेजारी बसल्याशिवाय चालत नाही.

डलासच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने नेमकं हेच हेरलं. आधी ही कंपनी तेल शोधणाऱ्यांसाठी भूगर्भ तपासायची. तिने लायसन्स घेतलं, आणि बेल लॅब्जमधला स्फटिक वाढवण्यातला उस्ताद गॉर्डन टील हा माणूसच आपल्याकडे आणला. तो मूळचा टेक्सासचाच. बड्या रेडिओ कंपन्यांनी मात्र त्यांना दारातूनच परत पाठवलं. शेवटी इंडियानापोलिसच्या एका छोट्या कंपनीशी जोडी जमली आणि ऑक्टोबर 1954 मध्ये 'रिजन्सी टीआर-1' हा रेडिओ जाहीर झाला. चार ट्रान्झिस्टर, किंमत 49.95 डॉलर. कमाई फार नाही झाली. पण असा रेडिओ बनतो आणि लोक घेतात, एवढं सिद्ध झालं.

आता टोकियो. टेपरेकॉर्डर बनवणारी 'तोक्यो त्सुशिन कोग्यो' ही लहान कंपनी. तिच्या मासारू इबुका यांना 1952 च्या अमेरिका दौऱ्यात लायसन्सची बातमी कळली. अकिओ मोरिता यांनी 1953 मध्ये करारावर सही केली. पण 25,000 डॉलर जपानबाहेर पाठवायचे तर सरकारची परवानगी लागे, आणि अधिकारी म्हणे, तुम्हाला झेपणार आहे का हे? परवानगीसाठी महिनोन्‌महिने गेले.

त्यात वेस्टर्न इलेक्ट्रिकवाल्यांचा प्रेमळ सल्ला: यातून श्रवणयंत्रं बनवा! सल्ला वेडगळ नव्हता बरं का. तेव्हाचे ट्रान्झिस्टर कानाला ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीपर्यंत ठीक चालत. रेडिओच्या लहरी त्याहून कितीतरी वेगवान. पण श्रवणयंत्रं विकून विकून किती विकणार? इबुकांना रेडिओच हवा होता.

1954 मध्ये काझुओ इवामा अमेरिकेत जाऊन कारखाने बघत फिरले. फोटो काढायला मनाई. मग ते सगळं डोक्यात साठवायचे, हॉटेलवर येऊन आकृत्यांसकट कागदावर उतरवायचे आणि टोकियोला धाडायचे. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे ही पत्रं. तिकडे टोकियोत त्यांच्यावरून यंत्रं उभी राहत होती.

मिश्रणंही बदलून बघितली. मोरितांनी आत्मचरित्रात लिहिलंय की, बेलवाल्यांनी फॉस्फरसचा नाद सोडला होता, यांनी तोच धरून ठेवला. वाया गेलेल्या मालाचे ढीग पडले. त्याच जर्मेनियम-फॉस्फरसच्या खटपटीतून 1957 मध्ये लिओ एसाकींना टनेल डायोड सापडला. त्याचं नोबेल 1973 ला.

ऑगस्ट 1955 मध्ये त्यांचा टीआर-55 रेडिओ बाजारात आला. त्यावर नाव होतं 'सोनी'. 1958 मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं. त्याआधी 1957 मध्ये आला टीआर-63, 'खिशात मावणारा' म्हणून. मोरिता सांगतात, तो नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा किंचित मोठाच होता. रेडिओ काही आणखी लहान होईना. मग त्यांनी सेल्समनसाठी मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले.