उताऱ्याचा इतिहास: आधी प्रश्न वाचायचे की उतारा?

नेटचा पहिला पेपर असो, विद्यापीठाची पेट असो, नाहीतर बाहेरच्या देशात अर्ज करायचा म्हणून दिलेली आयईएलटीएस असो, इंग्रजी उतारा काही चुकत नाही. आणि त्यासोबत एक ठरलेला सल्लाही येतो: आधी प्रश्न वाचा, महत्त्वाचे शब्द अधोरेखित करा, तेच शब्द उताऱ्यात शोधा, सापडले की टिक करा. क्लासमध्ये, गाईडमध्ये, सीनियरच्या तोंडून, सगळीकडे हेच ऐकू येतं.

हा सल्ला कितपत खरा, हे तपासायला इतिहास उपयोगी पडतो. कारण प्रवेश मिळाल्यावर तुमच्यासमोर तीस-चाळीस पानांचे शोधनिबंध येणार आहेत आणि त्यांच्या खाली प्रश्न छापलेले नसणार. तिथे शब्द शोधायचे तरी कोणते?

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. शाळेत 'वाचन' म्हणजे मोठ्याने वाचन, ही समजूत बराच काळ होती. मूल अडखळलं नाही, उच्चार नीट आले, की त्याला वाचता येतं असं मानलं जायचं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूकवाचनाच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांतली गाजलेली चाचणी कॅन्ससमधल्या फ्रेडरिक केली यांची. केलींनी १९१४ मध्ये पूर्ण केलेलं संशोधन शिक्षकांनी दिलेल्या गुणांवर होतं: एकाच प्रकारच्या उत्तराला वेगवेगळे शिक्षक किती वेगवेगळे गुण देतात, यावर. त्यावरचा त्यांचा उपाय साधा होता. उत्तर असं असावं की ते बरोबर तरी असेल किंवा चूक तरी, तपासणारा कोणीही असो. पर्यायातून योग्य शब्द निवडायचा, वेळ मोजून द्यायचा. आजच्या बहुपर्यायी प्रश्नांचं मूळ सहसा इथेच दाखवलं जातं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. हा साचा तपासणीत एकसारखेपणा यावा म्हणून तयार झाला. माणूस वाचतो कसा, हे शोधून त्यावरून तो बेतलेला नव्हता.

'माणूस वाचतो कसा' हा प्रश्न थेट घेतला तो कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या एडवर्ड थॉर्नडाइक यांनी. त्यांचा १९१७ चा निबंध मुलांच्या चुकांवर आहे. त्यांनी एक छोटा उतारा दिला. फ्रँकलिन नावाच्या गावात सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळा असेल त्या दिवशी हजर राहायलाच हवं; अपवाद तीनच: मूल खूप आजारी असणं, घरात कुणाला संसर्गजन्य रोग असणं, किंवा रस्ते बंद असणं. एवढंच. उतारा मुलांच्या समोरच होता, पाठ करायचं काही नव्हतं. तरीही उत्तरं भलतीच आली. कुणी 'फ्रँकलिन' या एका शब्दालाच धरून बसलं, कुणी आजारावर घसरलं.

थॉर्नडाइक यांचं स्पष्टीकरण आजही ताजं वाटतं. शब्द माहीत नसल्यामुळे मुलं चुकली, एवढ्यावर ते थांबत नाहीत. काही शब्दांना मुलांनी गरजेपेक्षा जास्त वजन दिलं आणि काहींना फारच कमी, असं ते म्हणतात. 'अनलेस'सारखा लहान शब्द सगळं वाक्य फिरवतो, पण डोळ्यात भरतो तो 'फ्रँकलिन'. त्यांच्या मते उतारा समजणं हे गणित सोडवण्यासारखं आहे: योग्य घटक निवडायचे, त्यांचा एकमेकांशी संबंध लावायचा आणि प्रत्येकाला योग्य वजन द्यायचं. त्यांचा आणखी एक मुद्दा आहे. वाचताना मनात येणारा अर्थ तात्पुरता धरायला हवा, तपासून मग ठेवायचा किंवा टाकायचा. मुलांनी नेमकं हेच केलं नव्हतं. पहिला सुचला तो अर्थ त्यांनी कायम केला.

आता क्लासमधला सल्ला परत वाचून बघा. 'महत्त्वाचा शब्द शोधा आणि टिक करा' म्हणजे थॉर्नडाइक यांनी नोंदवलेली चूकच आपण पद्धत म्हणून शिकतो आहोत. प्रश्न काढणाऱ्यालाही हे माहीत असतं, म्हणून चुकीचे पर्याय उताऱ्यातलेच शब्द वापरून तयार होतात. उताऱ्यात असतं 'काही संशोधकांना असं वाटतं', पर्यायात येतं 'संशोधकांनी सिद्ध केलं आहे'. संशोधक दोन्हीकडे आहेत. फरक 'काही' आणि 'वाटतं' यांत आहे, आणि त्या शब्दांखाली आपण रेघ ओढलेली नसते.

पण प्रश्न फक्त लक्ष देण्याचा असता तर मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांना उतारा जड गेला नसता. इथे दुसरा धागा येतो आणि तो आपल्या उपखंडातला आहे. मायकेल वेस्ट हे ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करणारे शिक्षणाधिकारी. १९२६ मध्ये बंगालमधल्या द्वैभाषिकतेवरचं त्यांचं पुस्तक आलं. इथल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेतली वाचनमाला तपासल्यावर त्यांना दिसलं की नवे शब्द फार दाटीने येतात, आणि त्यांतले बरेचसे जुने, ग्रंथी, पुढे क्वचितच भेटणारे असतात. म्हणून त्यांनी धडे नव्याने लिहिले: अडगळीच्या शब्दाऐवजी रोजचा शब्द, आणि नवा शब्द आला की पुढचा यायच्या आत पुरेसा ओळखीचा मजकूर. थोडक्यात, शब्दच अडत असतील तर कोणतीही युक्ती कामाची नाही.

तिसरा धागा मला सगळ्यांत जवळचा वाटतो. १९७९ मध्ये मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन पत्रं तयार केली, एक अमेरिकन लग्नाबद्दल आणि एक भारतीय लग्नाबद्दल. दोन्ही इंग्रजीत. अमेरिकेतल्या भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन्ही पत्रं वाचायला दिली. भारतीय पत्रात अंतरपाट दूर होतो, कन्यादान होतं, सप्तपदी होते, होमाचा धूर येतो. आणि मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नाही तरी लग्नाआधी स्कूटर मागतील की काय, अशी मुलीच्या आईवडिलांना धास्ती असते.

आपल्याला ती धास्ती एका वाक्यात कळते. अमेरिकन वाचकांना कळली नाही. हुंडा म्हणजे दोन घरांमधली भेटवस्तूंची देवाणघेवाण, असाही अर्थ लावला गेला. उलट अमेरिकन पत्रातली नवरी आजीचा लग्नातला पोशाख घालते. तिकडे ती हौसेची, मानाची गोष्ट. भारतीय वाचकाला मात्र तो जुना, फॅशन गेलेला पोशाख वाटला. दोन्ही गटांनी आपल्या संस्कृतीतलं पत्र जास्त वेगाने वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. शब्द सगळ्यांना येत होते. कमी पडली ती शब्दांच्या मागची माहिती.

मग परीक्षेत कुणाच्या ओळखीचा उतारा द्यायचा? हा वाद प्रत्यक्ष परीक्षेच्या रचनेत उतरला. आयईएलटीएसच्या आधीची ईएलटीएस परीक्षा १९८० मध्ये सुरू झाली तेव्हा वैद्यक, तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रं अशा विषयगटांनुसार वेगवेगळे पेपर होते. १९८९ मध्ये आयईएलटीएस आली आणि गट तीन झाले. १९९५ पासून शैक्षणिक वाचनाचा पेपर सगळ्यांना एकच. कॅरोलाइन क्लॅफम यांचं या विषयावरचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्यांना दिसलं की उतारा खरोखर विशेष विषयाचा असेल तरच विषयज्ञान ठळकपणे उपयोगी पडतं. शिवाय इंग्रजी एका पातळीच्या खाली असेल तर आपल्याच विषयाची माहितीसुद्धा वापरता येत नाही. म्हणजे वेस्ट आणि स्टेफेन्सन दोघांचंही खरं: शब्दही हवेत, माहितीही हवी.

राहिला प्रश्न युक्त्यांचा. वाचन तपासलं खूप गेलं, शिकवलं मात्र कमी गेलं. डोलोरेस डर्किन यांनी अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटं नोंदवली. त्यांतली आकलन शिकवण्याची मिनिटं भरली २०. बाकी प्रश्न विचारणं, स्वाध्याय देणं चालू होतं. आपल्याकडचा 'उताऱ्यावरील प्रश्न सोडवा' हा तास आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल.

शिकवायचे प्रयत्न झाले ते बघण्यासारखे आहेत. ओहायोच्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४० च्या दशकात पाच पायऱ्या सांगितल्या: मजकुरावर नजर फिरवा, शीर्षकांवरून प्रश्न तयार करा, वाचा, न बघता सांगा, उजळणी करा. १९८४ मध्ये ॲनमारी पॅलिन्सर आणि ॲन ब्राउन यांनी वाचता येतं पण समजत नाही अशा सातवीच्या मुलांना आळीपाळीने शिक्षक व्हायला लावलं: सारांश सांग, प्रश्न विचार, अडलेलं सोडव, पुढे काय येईल ते सांग. मुलांचं आकलन सुधारलं. दोन्हीकडे प्रश्न आहे, पण तो वाचणाऱ्याने स्वतः तयार केलेला आहे. क्लासच्या सल्ल्यातला प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो. फरक इथेच पडतो.

तरी युक्त्यांचाही अतिरेक नको. डॅनियल विलिंगहॅम यांनी अशा अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की युक्त्यांचा फायदा होतो, पण तो थोड्या तासांतच मिळून जातो. जास्त घोटल्याने वाढत नाही.

म्हणून तयारी करणाऱ्यांसाठी माझं सांगणं असं:

१. उतारा आधी एकदा सलग वाचा आणि एका वाक्यात मराठीत सांगा. प्रश्न त्यानंतर. तपशील शोधायचा असेल तेव्हा शब्द शोधणं ठीक आहे. मुख्य मुद्दा किंवा लेखकाची भूमिका विचारली असेल तिथे ते चालत नाही.

२. रेघ ओढायचीच असेल तर 'सम', 'मे', 'ओन्ली', 'अनलेस', 'हाउएव्हर' अशा लहान शब्दांखाली ओढा.

३. पर्याय निवडल्यावर स्वतःला विचारा: हे उताऱ्यात आहे, की मला आधीपासून माहीत आहे? आयईएलटीएसमधला 'नॉट गिव्हन' हा पर्याय हेच तपासतो. स्वतःची माहिती वापरल्याशिवाय वाचता येत नाही, पण ती कुठे वापरली हे कळायला हवं.

४. सराव संच दोन-तीन आठवडे पुरे. उरलेला वेळ आपल्या विषयाबाहेरचं इंग्रजी वाचण्यात घाला: विज्ञान, अर्थकारण, इतिहास, रोज थोडं. शब्द आणि माहिती दोन्ही तिथूनच येतात.

यातली तिसरी सवय पीएचडीत रोज लागते. एखादा शोधनिबंध आपल्याला हवं तेच म्हणतो आहे असं वाटतं, तेव्हा तो खरंच तसं म्हणतो का, हे परत जाऊन बघावं लागतं. संदर्भ साहित्याचा आढावा लिहिताना दुसऱ्याच्या तोंडी आपलं मत घातलं गेलं, तर ते पकडायला तिथे उत्तरसूची नसते.